जुनी रायफल घेताना : आधी बोल्ट पाहा

(‘जुनं घेताना’ या लेखमालेचा नववा भाग)

जुना ट्रॅक्टर, पाणबुडी मोटार, मळणीयंत्र यांवरचे भाग वाचून जिंतूर आणि पालम तालुक्यांतल्या काही वाचकांनी विचारलं की परवान्याची जुनी रायफल घेताना काय पाहायचं, तेही लिहा. विषय घ्यावा की नाही यावर मी बराच विचार केला. शेवटी घ्यायचं ठरवलं ते एकाच कारणासाठी. जुनी मोटार फसवी निघाली तर पैसे जातात. जुनी रायफल फसवी निघाली तर डोळा जातो. नेम धरणाऱ्याचा चेहरा बोल्टपासून वीतभर अंतरावर असतो, आणि चाप ओढल्यावर त्या बोल्टच्या पुढे क्षणभर चौरस इंचाला कित्येक हजार पौंडांचा दाब तयार होतो. तो दाब फक्त बोल्टच अडवून धरतो. म्हणून दस्त्याचं पॉलिश किती चकचकीत आहे, नळीवरचा काळा मुलामा किती ताजा आहे, हे सगळं नंतर.

जुन्या रायफली अलीकडे विक्रीला जास्त का दिसतात, तेही समजून घेतलं पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र अधिनियमात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला जवळ ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. तिसरं शस्त्र वर्षभरात जमा करायचं होतं. तेव्हापासून अनेक घरांनी आपलं एखादं शस्त्र मोकळं केलं. दुसरं कारण वारशाचं. आजोबांच्या नावावरचा परवाना, आजोबा गेले, नातू पुण्यात नोकरीला, रायफल शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा. अशी रायफल फारशी झाडलेली नसते, पण वर्षानुवर्षं तिला कुणी तेलाचा हातही लावलेला नसतो. तिचे आजार वापराचे नसतात, पडून राहण्याचे असतात. हा फरक पारखताना फार उपयोगी पडतो.

आपल्याकडे जी जुनी बोल्टची रायफल बहुतेक वेळा समोर येते ती ३१५ बोअरची, पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली. क्वचित बीएसए या इंग्लिश कंपनीची. ब्रिटिश सरकारला आपल्या फौजेचं ३०३ काडतूस नागरिकांच्या बंदुकीत चालू द्यायचं नव्हतं. म्हणून शिकारीच्या रायफलींसाठी ऑस्ट्रियाचं जुनं ८ मिलिमीटरचं मॅन्लिखर काडतूस पुढे आलं आणि ते ३१५ या नावानं भारतात रुजलं. रायफलीची यंत्रणा मात्र फौजेतल्या ली-एनफिल्डच्याच धर्तीची राहिली. स्वातंत्र्यानंतरही हे काडतूस आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आलं. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं दिसतात ती खडकीची. एखाद्या गढीत खरोखरच ३०३ निघाली, तर ती ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडते. नेहमीच्या परवान्यावर ती घेता येत नाही, कुणी कितीही स्वस्तात देवो.

बोल्ट म्हणजे काय, हे ज्यांनी रायफल हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते अनेकांनी दूरदर्शनवर पाहिलं असेल. प्रत्येक गोळीनंतर तो बाजूचा खटका मागे ओढून पुन्हा पुढे ढकलत होता. तो खटका ज्या पोलादी दांड्याला असतो तो बोल्ट. तो काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत ढकलतो, मागून दार बंद करतो, फायरिंग पिन पुढे सोडतो, आणि उडालेली पुंगळी नखानं धरून बाहेर खेचतो. चार कामं, एक दांडा. कुसाळेची रायफल छोट्या बावीस बोअरची आणि स्पर्धेसाठी घडवलेली. पण तत्त्व तेच.

तपासणीकडे जाण्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. रोही आणि रानडुकरांनी सोयाबीन-तूर उद्ध्वस्त केली म्हणून रायफल घ्यायची, असा विचार कुणी करत असेल तर तो सोडावा. पीक संरक्षणासाठी कायद्यानं डोळ्यांपुढे ठेवली आहे ती ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नसेल तर छऱ्याची गुळगुळीत नळीची. त्यामागे कारण आहे. गोदावरी-दुधनेच्या काठची आपली जमीन सपाट. मागे टेकडी नाही, बांध नाही. रायफलीची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि तेवढ्या अंतरात आपल्याकडे एखादी वस्ती, एखादा आखाडा, रात्री पाणी द्यायला गेलेला एखादा गडी असतोच. शिवाय शस्त्राचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि काळवीट तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तेव्हा पुढचं सगळं स्वसंरक्षण किंवा नेमबाजीसाठी ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे, त्यांच्यासाठी.

रायफल नेहमी परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात, दिवसाउजेडी, आणि शक्यतो बंदुकीचं काम करणाऱ्या परवानाधारक कारागिराला सोबत घेऊन पाहावी. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट : नळीचं तोंड माणसांपासून दूर, बोट चापाबाहेर, मॅगझिन काढून बाजूला, बोल्ट पूर्ण मागे. मग चेंबरमध्ये नुसतं पाहायचं नाही, करंगळी घालून चाचपायचं. ‘रिकामीच आहे’ असं विकणारा कितीही आदरणीय माणूस म्हणाला तरी हे करायचं. मालक वडीलधारे असतील, तुम्हाला संकोच वाटेल. करायचंच.

दुसरी गोष्ट क्रमांक. मुख्य सांगाड्यावरचा, नळीवरचा आणि बोल्टवरचा क्रमांक वाचा आणि विकणाऱ्याच्या परवान्याशी ताडून पाहा. सांगाड्यावरचा क्रमांक घासलेला, खोडलेला किंवा पुन्हा ठोकल्यासारखा वाटला तर रायफल खाली ठेवून दुकानाबाहेर पडा. क्रमांक पुसलेलं शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडतं त्यानंच तो पुसला असं कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. बोल्टवरचा क्रमांक वेगळा असेल तर तो गुन्हा नाही, पण धोक्याची सूचना आहे. मूळ कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या सांगाड्यात बसवून, घासून जुळवलेला असतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत सरकतो, बंदही होतो, आणि तरीही नीट टेकत नाही.

आता बोल्ट बाहेर काढा. ली पद्धतीत बोल्ट मागे घेऊन त्याचं पुढचं डोकं वर फिरवलं की तो निघतो; कारागिराला सांगा, जबरदस्ती करू नका. या पद्धतीत बोल्टला अडवणाऱ्या पोलादी टेकण्या पुढे नसतात, मागच्या बाजूला असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. त्यांच्या मागच्या कडा उजेडात धरून पाहा. दोन्हींवर घासल्याची चमक सारखी हवी. एकीवरच लखलखीत चमक आणि दुसरी काळीच असेल, तर सगळा दाब एकाच टेकणीवर येतोय. कडेला केसासारखी चीर दिसली तर प्रश्नच मिटला, ही रायफल घ्यायची नाही. भिंग सोबत असेल तर उत्तम, घड्याळजीचं चालतं.

मग बोल्टचं तोंड. मधोमध फायरिंग पिनचं छिद्र असतं. त्याच्याभोवती बारीक खड्डे, जळल्यासारखी कडा दिसते का? पूर्वी कधीतरी काडतुसाची टोपी फुटून तापलेला वायू मागे आला, त्याची ती खूण. एखादा उथळ खड्डा असेल तर विचार करता येतो. छिद्रच मोठं आणि वेडंवाकडं झालं असेल तर नाही. पिनचं टोक गोल आणि गुळगुळीत हवं. टोक तुटकं किंवा टोकदार असेल तर ते टोपीला ठोकण्याऐवजी भोसकतं. पिन बदलता येते. स्प्रिंगही बदलता येते, आणि जुन्या रायफलीत ती बहुधा बदलावीच लागते. वर्षानुवर्षं ताणून ठेवलेली स्प्रिंग मरगळते, पिन दमानं लागत नाही आणि काडतूस उडतच नाही. पुंगळी खेचणारं नख, ज्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात, त्याची धार तुटलेली आहे का तेही इथेच पाहायचं. हाही स्वस्तातला भाग. असे दोष दिसले तर भाव कमी करून घ्या, रायफल नाकारू नका.

बोल्ट परत बसवून रिकाम्या रायफलीवर चालवून पाहताना एक गोष्ट अनेकांना फसवते. ली पद्धतीत बोल्ट पुढे ढकलून बंद करताना शेवटी जोर लागतो, कारण स्प्रिंग तेव्हा ताणली जाते. हा दोष नाही. मावझर धर्तीच्या रायफलीत तोच जोर बोल्ट उघडताना लागतो. दोष तेव्हा, जेव्हा बोल्ट मध्येच अडखळतो, किंवा बंद केल्यावर खटका वर-खाली सैल हलतो.

नळीसाठी थोडा वेळ द्या. आधी बाहेरून. नळी खिडकीकडे धरून तिच्यावर पडलेली खिडकीच्या चौकटीची सावली पाहा आणि रायफल हळूहळू फिरवा. सावलीची रेघ सरळ सरकत गेली पाहिजे. कुठे ती वाकली, फुगली, तर नळी तिथे फुगलेली आहे. चिखल, चिंधी किंवा अडकलेली गोळी आत असताना कुणीतरी पुढची गोळी झाडली की असं होतं. बोटाला हा फुगवटा बहुधा लागत नाही, सावलीला लागतो. मग बोल्ट काढून सांगाड्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा तिरपा धरा आणि तोंडाकडून आत पाहा. तेल पुसून पाहा, भरपूर तेल लावलेली नळी सगळे डाग लपवते. आतल्या पिळाच्या कडा टोकदार दिसल्या पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे गंजानं पाडलेले खड्डे. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळल्यावर मागे क्षार ठेवायचा. झाडल्यानंतर नळी त्याच दिवशी गरम पाण्यानं धुतली नाही तर तो क्षार हवेतला ओलावा ओढून पोलाद खातो. आपल्याकडे मे महिना कोरडा ठणठणीत असतो, पण मृगाच्या पहिल्या पावसानंतर चामड्याच्या म्यानात, माळ्यावर ठेवलेली रायफल एका पावसाळ्यात गंजते. थोडे ठिपके असले तरी रायफल नेम धरते. खोल खड्डे चेंबरमध्ये असतील तर पुंगळी त्यांत फुगून अडकते, आणि तो त्रास कायमचा.

आत एखादं काळं गोल कडं दिसलं तर तो फुगवटा आतून दिसतोय. नळी बाद.

तोंडाची कडा हा लोक सर्वांत कमी पाहतात तो भाग. गोळीला शेवटचा स्पर्श याच कडेचा होतो, त्यामुळे ती एका बाजूला झिजली असेल तर बाकी नळी निर्दोष असूनही गोळी भरकटते. झिजते कशानं? साफसफाईनं. एनसीसीत गेलेल्यांना नळी पुसायचा पुलथ्रू दोर आणि चिंधी आठवत असेल. तो दोर सरळ न ओढता एका बाजूला तिरपा ओढत राहिलं की वर्षानुवर्षांत कडेला खाच पडते. नळी कापून आखूड केलेली नाही ना, तेही इथेच कळतं. कापलेल्या नळीची कडा कानशीनं घासल्यासारखी असते आणि पुढची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, मूळ जागी नसते. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे; असलं शस्त्र अंगावर घेऊ नये.

चाप आणि सेफ्टी. कारागिराच्या परवानगीनं, डमी काडतूस घालून, बोल्ट बंद करा. सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. काढताक्षणी पिन सुटली तर रायफल अत्यंत धोकादायक आहे. पुढची चाचणी : सेफ्टी काढलेली, पिन ताणलेली, दस्त्याचं बूड जाड रबरावर दोन-तीनदा आपटा, बोल्टच्या मागच्या बाजूला तळहातानं थापट्या मारा. पिन सुटता कामा नये. हे दोष बहुतेक वेळा झिजेचे नसतात. चाप हलका व्हावा म्हणून कुणीतरी आतली खाच घासलेली असते. फौजी पद्धतीचा चाप दोन टप्प्यांत चालतो, आधी सैल आणि मग घट्ट. ते जड वाटतं म्हणून लोक कानस लावतात. पेचांच्या खाचा चेचलेल्या दिसल्या की समजावं, इथे शिकाऊ हात लागलाय, आणि चाप दोनदा तपासावा.

दस्ता हलवून पाहा, मनगटापाशी चीर आणि डिंकाची रेघ शोधा, आणि पुढचं लाकूड उतरवून नळीची लाकडाखालची बाजू बघायला कारागिराला सांगा. पाणी तिथेच मुरतं. माशी आणि मागची खाच हलू नये, बस.

मॅगझिनबद्दल थोडं जास्त, कारण इथे पुष्कळ चांगल्या रायफली उगीच बदनाम होतात. ३१५च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. ती मागे बसली तर दोन कडा एकमेकींत अडकतात, बोल्ट पुढे जात नाही, आणि विकणारा-घेणारा दोघेही म्हणतात ‘फीडिंगचा दोष आहे’. पाच डमी काडतुसं नीट क्रमानं भरून, एकदा सावकाश आणि एकदा झपाट्यानं चालवून पाहा. तरीही अडकली तर मॅगझिनचे वरचे ओठ चेपलेले असतात किंवा स्प्रिंग थकलेली असते. पुंगळी नखात धरून बाहेर येते पण उडून पडत नाही, असं झालं तर ली पद्धतीत सांगाड्याच्या डाव्या भिंतीतला एक लहानसा पेच पाहायचा. झिजला असेल तर तो बदलला की काम होतं.

राहिली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती डोळ्यांनी दिसत नाही. बंद बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यात फट किती? याला हेडस्पेस म्हणतात. ती वाढली की पुंगळी मागे ताणली जाते आणि एक दिवस बुडापाशी तुटते. मोजायची ती फक्त कारागिराच्या गेजनं. कागदाच्या पट्ट्या चिकटवून मोजण्याचे उपाय कुणी सांगेल, त्यावर जीव टांगू नका. पण विक्रेत्याकडे याच रायफलीतून उडालेली पुंगळी असेल, किंवा परवानगीच्या रेंजवर चाचणी झाली असेल, तर ती पुंगळी मागून घ्या. ती फार बोलते. बुडाच्या कडेच्या थोडं वर, सभोवार, एक चकचकीत पट्टा दिसतो का? असेल तर बारीक तारेचं टोक वाकवून आतून त्याच जागी घासून पाहा. तार खाचेत अडकली तर पितळ तिथे पातळ झालंय, पुढच्या खेपेला तुटलं असतं. टोपीवरचा ठसा मधोमध आणि खोल हवा. टोपी बुडाच्या पातळीच्या बाहेर आलेली असेल तर फट जास्त. टोपीभोवती काजळी असेल तर वायू गळतोय. पुंगळीच्या अंगावर लांबट ओरखडे असतील तर चेंबर खरबरीत आहे.

चाचणी शेतात, बांधावर, लग्नाच्या मांडवात करायची नाही. २०१९च्या त्याच दुरुस्तीनं आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. रेंजवर चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज आला तर बोल्ट लगेच उघडू नका. नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबा. जुनं काडतूस उशिरा उडू शकतं.

व्यवहार ठरला तरी रायफल त्या दिवशी घरी येत नाही. खासगी मालकाकडून घेत असाल, तर विकणाऱ्यानं घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं, असं शस्त्र अधिनियमाचं कलम ५ सांगतं. परभणीत परवान्याचं काम जिल्हाधिकारी कार्यालयात चालतं. तुमच्या परवान्यावर त्या क्रमांकाची नोंद होईपर्यंत ती रायफल एका रात्रीसाठीही ताब्यात घेऊ नका. हे ४५ दिवस वाया जात नाहीत : कारागिराचा लेखी अहवाल, स्प्रिंग-पिनचे सुटे भाग, घरात कुलपाची पोलादी पेटी, सगळं त्यात उरकतं.

घेतल्यानंतर निवडणुकीची आचारसंहिता लागली की रायफल पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. जमा करताना नळीत तेलाचा हात फिरवून द्या, पावतीवर क्रमांक बरोबर लिहिलाय का ते तिथेच वाचा, आणि परत घेताना बोल्ट उघडून, चेंबरमध्ये करंगळी घालून, मग नळीतून आरपार पाहूनच सही करा.

(पुढील भागात : जुना डिझेल जनरेटर)